एकच मॅडम, बारा पुस्तकं

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. माझा विषय गणित-विज्ञान. पाचवी ते दहावी, प्रत्येकी एक तुकडी. समाजशास्त्राचे सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शिक्षणसेवक म्हणून नव्या मॅडम आल्या. बी.ए. इतिहास, बी.एड. आठवड्याच्या ४५ तासिकांपैकी ३६ त्यांच्याकडे आहेत. त्यांना भूगोलाची धास्ती वाटते, नकाशे जुने आहेत अशी त्यांची तक्रार आहे. पोरं म्हणतात, हा विषय म्हणजे नुसतं वाचन. दहावीला दरवर्षी याच विषयात गुण खाली येतात. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले. पहिल्या महिन्यात मी त्यांच्यासाठी नेमकं काय करू? प्रशिक्षणाला पाठवू का? आणि माझा विषय नसताना त्यांच्या वर्गात जाऊन बसणं बरं दिसेल का?

उत्तर :

नमस्कार सर,

प्रशिक्षणाचं तूर्त राहू द्या. मॅडमना आत्ता मोकळा वेळ हवा आहे आणि हाताशी सामान हवं आहे. या दोन्हींच्या चाव्या तुमच्याकडे आहेत, प्रशिक्षण देणाऱ्याकडे नाहीत. घाई करायला सांगतो त्याचंही कारण आहे. समाजशास्त्रातली काही कामं जुलैत सुरू झाली नाहीत तर त्या वर्षापुरती गेलीच. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, म्हणजे ते दिवस आधीच हातचे गेलेले असतात.

आधी वेळापत्रक. ३६ तासिकांचा आकडा जड आहे, पण खरा जड आकडा दुसराच आहे. पाचवीला परिसर अभ्यासाचे दोन भाग. सहावी ते दहावी प्रत्येक वर्गाला इतिहासासोबत नागरिकशास्त्र किंवा राज्यशास्त्राचं एक पुस्तक आणि भूगोलाचं एक. एकूण बारा पुस्तकं. तुम्ही आठवी, नववी, दहावीचं गणित घेता तेव्हा तुकड्या वाढल्या तरी तयारी पाच पुस्तकांचीच असते. नव्या शिक्षकाचं ओझं तासिकांवर मोजू नका, पुस्तकांवर मोजा. बारा पुस्तकं पहिल्यांदाच शिकवणारी व्यक्ती रात्री अकरापर्यंत बसली तरी रोज एक-दोन तास असे निघणारच जिथे 'वाचा आणि प्रश्नोत्तरं लिहा' यापलीकडे काही होत नाही. पोरं ज्याला नुसतं वाचन म्हणतात ते इथून येतं.

म्हणून पाचवीचा परिसर अभ्यास पाचवीच्या वर्गशिक्षकाकडे द्या. सहा तासिका आणि दोन पुस्तकं कमी झाली. वर्गशिक्षक कुरकुर करतील. त्यांच्याकडची कार्यानुभवाची एखादी तासिका बदल्यात मॅडमकडे फिरवा, कारण त्या तासिकेसाठी वेगळं पुस्तक वाचावं लागत नाही. उरलेल्या मोकळ्या तासिकांपैकी सहांवर वेळापत्रकातच 'तयारी' असं छापा आणि पर्यवेक्षकांना सांगा की या सहांत बदली तास लागणार नाही. कोणी विचारलं तर शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची दाखवा : शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तिथे तयारीचे तास धरूनच लिहिले आहेत.

जोडतासही आत्ताच ठरवा, ऑगस्टमध्ये ते कोणाला जुळवता येत नाहीत. नववी आणि दहावीला आठवड्यातून एकदा भूगोलाच्या दोन तासिका लागून हव्यात. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत नकाशा आणणं, टांगणं, नकाशांचे कोरे आराखडे वाटणं यात दहा मिनिटं जातात. गोळा करून आवरायला पाच. उरलेल्या वीस मिनिटांत पोरांची पेन्सिल जेमतेम टोकदार होते. हे दोन तास शनिवारी शेवटचे देऊ नका.

दुसरी गळती वरकामांची. 'तुमच्या विषयातलंच आहे' म्हणून जयंत्या-पुण्यतिथ्या समाजशास्त्राच्या माणसावर येऊन पडतात. शाळा उघडता उघडता २६ जूनची शाहू महाराज जयंती, मग १ ऑगस्टला टिळक आणि अण्णा भाऊ साठे, ९ ऑगस्ट, १५ ऑगस्ट. फलक लिहिणं, भाषणं बसवणं, सूत्रसंचालन, सगळं एकाच माणसाकडे. कार्यक्रम वर्गांना वाटून द्या. आयोजन त्या त्या वर्गशिक्षकाचं, मॅडमनी फक्त भाषणातली सनावळी आणि नावं तपासायची.

बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम मात्र तुम्हाला टाळता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला बंदी केली आहे, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे तीन अपवाद ठेवलेत. आदेश यायच्या आधीच तहसीलला एक पत्र द्या : या विषयाचा शाळेत एकच शिक्षक आहे, कृपया दुसरं नाव घ्यावं. आदेश निघाल्यावर दिलेल्या पत्राला फारसा अर्थ उरत नाही. तरीही काम आलंच तर दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' हा पाठ आहेच, मतदार नोंदणीचा कोरा अर्ज वर्गात वाचायला चांगला.

आता कपाट उघडा. मॅडमसोबत, एका दुपारी. गुंडाळलेले नकाशे एकेक करून टेबलावर पसरा. जुना नकाशा ओळखायला त्यावरचं छपाईचं साल शोधत बसायला नको, वाळवीनं बहुधा तेवढाच कोपरा खाल्लेला असतो. भारताच्या राजकीय नकाशावर छत्तीसगड, झारखंड, उत्तराखंड नसतील तर तो २००० च्या आधीचा. तेलंगणा नसेल तर जून २०१४ च्या आधीचा. लडाख वेगळा दाखवलेला नसेल तर ऑक्टोबर २०१९ च्या आधीचा. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २०२० मध्ये एक झाले, त्यामुळे आज मोजणी २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश अशी होते. महाराष्ट्राच्या नकाशावर पालघर पाहा. तो ऑगस्ट २०१४ चा, छत्तिसावा जिल्हा. वाशीम (१९९८) आणि गोंदियाही (१९९९) नसतील तर नकाशा विसाव्या शतकातलाच.

जुना राजकीय नकाशा फेकू नका, पण भूगोलाच्या तासाला तो टांगूही नका. तो इतिहासाच्या कपाटात ठेवा. 'या नकाशात काय काय नाही ते शोधा' हा नववीसाठी एक आख्खा तास आहे. प्राकृतिक नकाशा जुना असला तरी चालतो, सातपुडा आणि वर्धा नदी हललेली नाही.

नवे घ्यायचेच असतील तर तीन घ्या : भारत राजकीय, महाराष्ट्र राजकीय, जग प्राकृतिक. दहावीसाठी त्यात ब्राझीलची भर, कारण सध्याचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं. शिवाय कोऱ्या आराखड्यांचे गठ्ठे. हे सगळं शाळेच्या सादिल (किरकोळ) खर्चातून. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १८,००० रुपये मानधन मिळतं आणि नवी माणसं संकोचानं झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या पर्समधून देत राहतात. मुख्याध्यापकांना ते कळतसुद्धा नाही. झेरॉक्सवाल्याकडे शाळेचं खातं उघडून द्या.

नकाशा टांगायचा तो खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर. ही बाब किरकोळ वाटेल, पण भूगोलातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथे आहे. नकाशा पश्चिमेच्या भिंतीवर असला की पोरांच्या डोक्यात 'उत्तर म्हणजे वर, छताकडे' असं बसतं आणि दहावीपर्यंत निघत नाही. उत्तरेच्या भिंतीकडे तोंड केलं की उजवा हात खरोखर पूर्वेला येतो, नकाशातली पूर्व आणि गावातली पूर्व जुळते. फळा दुसऱ्या भिंतीवर असेल तर नकाशा जमिनीवर अंथरा, उत्तर उत्तरेकडे करून, आणि पोरांना भोवती उभं करा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून घर ते शाळा रस्त्याचा कच्चा नकाशा काढून घ्यायला मॅडमना सांगा, दिशा दाखवून. कोणाला काय येतं याची त्याहून चांगली चाचणी नाही. मागच्या वर्षीच्या सनावळ्या विचारून फक्त कोण विसरलं एवढंच कळतं.

घाई कशाची ते आता सांगतो. सातवीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ 'ऋतुनिर्मिती, भाग १' आहे आणि भाग २ बऱ्याच पाठांनंतर येतो. मधे जागा ठेवली ती निरीक्षणांसाठी. ती जूनअखेर किंवा जुलैत सुरू झाली नाहीत तर भाग २ पोकळ होतो. शाळा शाळांतून हा पाठ वाचून संपवला जातो, कारण पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, असं म्हणतात. दिसतो, रोज दिसत नाही एवढंच.

करायचं असं. आवारात जिथे सकाळपासून दुपारपर्यंत झाडाची किंवा इमारतीची सावली येत नाही, तिथे सरळ दांडा रोवा. जमिनीच्या वर बरोबर १ मीटर. लोखंडी नळीचा तुकडा असेल तर उत्तम, बांबू पावसात झुकतो. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धरा आणि दांडा दोन बाजूंनी तपासा. भोवतालची जमीन सपाट हवी. जमलं तर दोन फूट लांब-रुंद सिमेंटचा ओटा करून घ्या, नाहीतर पहिल्या सरीनंतर माती धुपून मोजमाप बदलतं. ऊन पडेल त्या दिवशी १२ वाजून ५ मिनिटांपासून १२ वाजून ३५ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि त्या दिवसाची सर्वांत लहान सावली वहीत लिहायची. ढग असतील तर 'ढग' असं लिहायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही, नाहीतर महिन्याभरानं कोणी विसरलं की ढग होते हे कळत नाही.

इथे एक फसवी जागा आहे आणि मॅडमना ती आधीच सांगून ठेवा. तुमचा भाग सुमारे २० अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली पडते दक्षिणेला. १ मीटरच्या दांड्याची जेमतेम ५ सेंटीमीटर. मुलगी येऊन सांगते 'मॅडम, सावली उलट्या बाजूला आहे', आणि बाई म्हणतात 'नीट बघ'. मुलीनं नीटच पाहिलेलं असतं. साधारण २१ ते २४ जुलैच्या दरम्यान एका दिवशी दुपारी सावली दांड्याच्या बुडाशीच राहते. त्यानंतर ती उत्तरेला पडू लागते आणि लांबत जाते. २२ सप्टेंबरच्या सुमारास ३६ सेंटीमीटर, २२ डिसेंबरच्या सुमारास ९५. ही तीन-चार मापं वहीत असली की भाग २ शिकवायला शब्द कमी लागतात. हे पुण्या-मुंबईच्या पोरांना इतक्या सोयीनं दिसत नाही : तिथेही मे आणि जुलैत शून्य सावली होते, पण त्यांचा जुलैमधला दिवस तुमच्याहून उशिरा येतो आणि तो कोकण-घाटाच्या दाट ढगात जातो.

आणि पोरं विचारतील की सर्वांत लहान सावली बाराला का नाही, सव्वाबारानंतर का? याचं उत्तर आठवीच्या भूगोलाचा पहिला पाठ आहे, 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ'. घड्याळ ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्ताचं, तुम्ही साधारण साडेअठ्ठ्याहत्तरवर. चार अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली सोळा. जुलैत आणखी चार ते सहा मिनिटं सूर्याच्या स्वतःच्या चालीमुळे पडतात, ती सांगितली नाहीत तरी चालेल, पण माप चुकलं असं म्हणू नका.

इथे तुमचा विषय कामाला येतो, सर. हा हिशोबाचा तास तुम्ही घ्या. नववीचा पहिला पाठ 'वितरणाचे नकाशे' : टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य रेषा. त्यात आकडेवारीचे गट पाडणं आणि एका टिंबाची किंमत ठरवणं हे निव्वळ गणित आहे, आणि इतिहासाच्या पदवीधराला नेमकी तिथेच धास्ती वाटते. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४० आणि अंतर्गत २० अशी विभागणी आहे. भूगोलाच्या ४० मध्ये नकाशात भरणे, नकाशावाचन आणि आलेख यांना चांगला वाटा असतो. तुमच्या शाळेचे गुण तिथेच सांडत असतील, मागच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढून पाहा. आलेखावर प्रमाण लिहिलेलं नाही, अक्षांना नाव नाही, स्तंभांमधलं अंतर कमी-जास्त, नकाशात सूची नाही. प्रश्न येत होता, मार्क गेले. आलेखाचे चार तास तुम्ही वर्गात घ्या आणि मॅडमना मागे बसू द्या. पुढच्या वर्षी त्या स्वतः घेतील. भूगोलाचं प्रशिक्षण म्हणाल तर हेच.

पर्जन्यमापक लगेच होतो. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा. बुडाचा भाग वाकडा असतो म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला बदलतो. सकाळी शाळा भरायच्या आधीची वेळ आहे, त्यामुळे आवाराजवळ राहणारी दोन पोरं नेमा. झाडाखाली ठेवू नका. तुमच्या पोरांना ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही, घरी नुकसानभरपाईच्या गोष्टीत त्यांनी तो आकडा दहादा ऐकलेला असतो. आपल्या बाटलीत किती आणि महसूल मंडळाच्या नोंदीत किती, हा फरक का पडतो, यावर वर्ग आपोआप बोलायला लागतो.

इतिहासासाठी तुमच्याकडे एक ऐवज आहे आणि तो फक्त तुमच्या ताब्यात आहे : दाखल-खारीज रजिस्टर. मूळ रजिस्टर पोरांच्या हातात देऊ नका, त्यात जातीचा रकाना असतो आणि गावात नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तुम्ही स्वतः बसून एक तक्ता करून द्या : दर दहा वर्षांत किती मुली दाखल झाल्या, किती मुलं, आणि शाळा सोडण्याची कारणं कोणती लिहिली आहेत. नावं नाहीत, फक्त आकडे. शिवाय जन्मतारखेच्या रकान्यात १ जून आणि १ जुलै किती वेळा येतं ते मोजा. आजोबांच्या पिढीतलं निम्मं गाव त्या दोन दिवशी जन्मलेलं निघेल, कारण तारीख गुरुजींनी टाकलेली. लिखित साधन म्हणजे काय आणि त्यावर कितपत विसंबायचं, हे दहावीच्या इतिहासलेखनाच्या पाठांत शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण सापडणार नाही.

मॅडम बाहेरच्या असतील तर भागाचा इतिहास त्यांच्या हाती कोणीतरी द्यायला हवा. पुस्तकात ब्रिटिश राजवट एकसारखी वाचली जाते, पण वऱ्हाड, म्हणजे तुमचा भाग, निजामाचं होतं. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं तो पक्का झाला. पलीकडे नागपूरकर भोसल्यांचं राज्य वेगळ्याच वाटेनं खालसा झालं. जुलैच्या दुसऱ्याच आठवड्यात १० तारीख येते : १९३० साली त्या दिवशी पुसदजवळ बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह झाला. अणे वणीचे. राखीव जंगलातलं गवत कापणं हा गुन्हा का होता, हे जंगलाकाठच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. आठवीचा सविनय कायदेभंगाचा पाठ तेव्हा आलेला नसेल, तरी त्या दिवशी परिपाठात पाच मिनिटं द्या.

तसंच नागरिकशास्त्राचं. सहावीत 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' आहे आणि १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा असते, तो पाठ तिच्याआधी घ्या. तुमच्या तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावात ग्रामसभेचे अधिकार पुस्तकातल्या सर्वसाधारण वर्णनाहून जास्त आहेत आणि एखाद्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते. पोरगा 'आमच्याकडे असं नाही' म्हणाला तर तो बरोबर असण्याची शक्यता आहे.

वार्षिक नियोजनाचा छापील नमुना कुठून तरी येतो आणि मॅडम तो भरून देतील. तुम्ही त्यावर शेतीचं कॅलेंडर घाला. त्यांना ते माहीत असेलच असं नाही. जुलै-ऑगस्टला निंदण, पोळ्याचे दोन दिवस, सप्टेंबरअखेरपासून सोयाबीन, दिवाळीच्या आगंमागं कापसाची वेचणी. आठवी-नववीच्या मुली वेचणीत हमखास गळतात. ज्या पाठावर पुढचे तीन पाठ उभे आहेत तो तेव्हा लावायचा नाही. उलट दहावीची क्षेत्रभेट जुलैत उरकायची घाई करू नका. पुस्तकात तो पाठ पहिला आहे म्हणून भेट पहिली, असं होतं आणि पोरं बंद जिनिंगचं (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं) फाटक पाहून परत येतात. जिनिंग कापूस आल्यावर चालतं, तेव्हा डिसेंबरात जा. जुलैत भेटीची प्रश्नावली तेवढी करून घ्या, दहा-बारा प्रश्नांची. व्यापाराच्या पाठाला आठवडी बाजार पुरतो : पाच पाच पोरांचे गट, प्रत्येक गटाला एकच जिन्नस, तो कुठून आला आणि किती हात बदलून आला एवढंच विचारायचं.

वाचनाचा प्रश्न वेगळा. इतिहासाचा परिच्छेद जड असतो. घरी गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या पोराला 'मांडलिकत्व', 'चौथाई', 'तैनाती फौज' असे शब्द एका ओळीत आले की ते पोर गप्प होतं आणि आपण त्याला अभ्यास नाही म्हणतो. प्रत्येक पाठाआधी सात-आठ शब्द फळ्याच्या कडेला, बोलून आणि उदाहरण देऊन. पाठ संपेपर्यंत पुसायचे नाहीत. याला खर्च नाही, फक्त फळ्याची ती कड दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांनी सोडली पाहिजे, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

एका बाबतीत मॅडमना तुमचं स्पष्ट बोलणं आधीच ऐकू द्या. जात, आरक्षण, धर्म, इतिहासातली आदराची माणसं, यांवर या विषयात बोलावंच लागतं आणि कधीतरी एखादे पालक रागानं शाळेत येतात. तेव्हा ते थेट वर्गावर जाणार नाहीत, तुमच्या खोलीत बसतील, पुस्तकाचं पान उघडून बोलणं होईल आणि मॅडम एकट्या नसतील, एवढं ठरवून टाका. वर्गात कोणाची जात, घरची जमीन किंवा कर्ज विचारायचं नाही, सर्वेक्षणाच्या नावाखालीही नाही. शेतीच्या पाठात शेतकरी आत्महत्येचा विषय निघाला तर गावातलं उदाहरण घ्यायचं नाही. त्या घरचं पोर तिसऱ्या बाकावर बसलेलं असू शकतं.

वर्गात बसावं का? बसा, पण पहिले तीन आठवडे नाही, आणि निरीक्षण वही घेऊन नाही. पंधरा मिनिटं मागच्या बाकावर, शक्यतो आदल्या दिवशी विचारून. तुम्हाला विषय येत नाही हे इथे बरंच आहे : तुम्हाला न कळलेली जागा पोरांनाही कळलेली नसते. मधल्या सुट्टीत एकच गोष्ट विचारा, 'मॅडम, ते मला नाही उमगलं, पोरांना कसं सांगता येईल?' आणि त्याच दिवशी विचारा, आठवड्यानं नको. पाठ किती झाले हे विचारू नका, त्यानं पाठ पळायला लागतात.

१५ ऑगस्ट झाला की एका शनिवारी तुम्ही आणि मॅडम अर्धा तास बसा. सावलीची वही, पर्जन्यमापकाची वही आणि आठवड्याला सहा अशा 'तयारी'च्या तासिकांपैकी गेल्या महिन्यात किती बदलीत गेल्या त्याचा आकडा, एवढं समोर ठेवा. तो आकडा चारच्या वर असेल तर आधी पर्यवेक्षकांशी बोला, मॅडमशी नंतर.